तपकिरी मादी

विद्यापीठातल्या त्या मुलीचं पत्र थंडी सुरू होताना आलं होतं. आता पंखे लावायचे दिवस आले, तरी किडेमास्तरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. एरवी मास्तर या बाबतीत काटेकोर. एखाद्या शाळकरी पोराने काडेपेटीत मेलेला किडा घालून पाठवला, तरी त्याला उलटटपाली उत्तर जायचं. हे पत्र मात्र त्यांनी स्वतःच्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात घालून तो खंड सगळ्यात वरच्या फळीवर ढकलून दिला होता.

किडेमास्तर हे नाव लोकांनी ठेवलेलं. नोकरी त्यांनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत केली, कारकुनाची. पण सुट्टीच्या दिवशी वाळकी लाकडं फोडायची, आतल्या अळ्या बरण्यांत वाढवायच्या, भुंगेरा बाहेर पडला की टाचणीला लावायचा, हा उद्योग त्या मुलखात त्यांच्याआधी कुणी केला नव्हता. तिथल्या भुंगेऱ्यांना तोवर धड नावंही नव्हती. लोक हसायचे. मग ग्रंथाचे दोन खंड निघाले, लांबलांबून पत्रं येऊ लागली आणि हसणारेच वाट सोडून नमस्कार करू लागले. मास्तरांना त्या नमस्कारांचीही भीती वाटायची. कधीतरी कुणीतरी चूक दाखवणार, असं त्यांना सारखं वाटे.

थोरली बहीण, ताई, या सगळ्यात त्यांच्याबरोबर होती. आईवडील गेल्यावर तिने घर सांभाळलं, धाकट्याला शिकवलं आणि आज बघू उद्या बघू करताकरता तिचं लग्न राहूनच गेलं. लाकडं तीच फोडायची, कारण मास्तरांच्या हातात कुऱ्हाड शोभायचीच नाही. असंच एकदा एका फांदीत तिला आखूड मिशांचा तपकिरी भुंगेरा सापडला. मास्तरांनी ती नवी जात ठरवली आणि तिला ताईचं नाव दिलं. दुसरा खंड छापून आला त्या दिवशी ताई ते पान उघडून दाराशी बसली होती, ती चुलीवरचं करपल्याचा वास आला तेव्हा उठली.

पत्रात त्या मुलीने लिहिलं होतं की एकाच मादीच्या अंड्यांतून तिने दोन्ही प्रकारचे भुंगेरे वाढवले. लांब मिशांचा काळा, तो नर आणि आखूड मिशांची तपकिरी ही त्याची मादी. जात एकच. काळ्याचं नाव पहिल्या खंडात आधी छापलेलं, म्हणून नियमाप्रमाणे तेच राहील. खात्रीसाठी ताईला सापडलेला मूळ नमुना तिला पाहायला हवा होता, आणि तो मास्तरांच्या पेटीत होता. ‘सवडीने पाठवावा’, असं तिने नम्रपणे म्हटलं होतं. मास्तरांनी त्या सवडीचाच आधार घेतला.

काळ्याला नाव होतं संग्रहालयाच्या जुन्या साहेबांचं. साहेबांनी मास्तरांना सूक्ष्मदर्शक दिला होता. ताईला मात्र त्यांनी कधी आत बोलावलं नाही. मास्तर आत चहा घ्यायचे, ती बाहेर लाकडांच्या पोत्यावर बसून राहायची.

आता ताई अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी मास्तरांना दाराबाहेर नेऊन मान हलवली होती. मुलीचं दुसरं पत्र आलं, प्रबंध अडलाय म्हणून. तेही फळीवर गेलं.

एका सकाळी ताईला औषध पाजताना मास्तरांच्या मनात आलं, थोडेच दिवस, मग लिहिता येईल. मग म्हणजे कधी, ते उमगलं आणि चमचा चादरीवर सांडला.

“काय रे, भूत पाहिलंस?” ताई म्हणाली.

“काही नाही.”

“खोटं बोलताना तू चष्मा पुसतोस. लहानपणी चष्मा नव्हता तेव्हा नाक पुसायचास.”

मास्तरांनी पलंगाच्या कडेला बसून सगळं सांगितलं. ताई छताकडे बघत ऐकत होती.

“म्हणजे माझी ती, त्या थेरड्याची बायको निघाली,” ती शेवटी म्हणाली.

“ताई...”

“आणि नाव राहणार त्याचं.”

“तुझंही राहतं. त्याच्या नावाखाली, बारीक अक्षरात छापतात.”

“पायपुसण्यासारखं.” ती हसली, पण मग खोकल्याची उबळ आली आणि ती भिंतीकडे वळली. “नको पाठवूस. आयुष्यात माझं म्हणून एवढंच होतं.”

मास्तर उठले आणि चादरीवरचा औषधाचा डाग ओल्या फडक्याने पुसू लागले. त्या दिवशी ताईने पेजही परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “ती पेटी आण.”

मास्तरांनी झाकण काढून पेटी तिच्यासमोर धरली. ताईने बराच वेळ पाहिलं.

“एवढुशी? माझ्या आठवणीत केवढी मोठी होती.” तिने बोट पुढे केलं आणि न लावताच मागे घेतलं. “ती मुलगी खरं बोलतेय?”

“हो. मीच चुकलो होतो.”

“मग द्यायला नको? कापूस नीट दाब. वाटेत पाय मोडले तर पोरीने बघायचं काय? आणि फांदी कुणी फोडली ते तिला लिही. नावाचं जाऊ दे.”

“लिहितो.”

“पेटी घेऊन जा आता. डोळ्यांपुढे नको.”

उत्तर लिहून झालं, नमुना कापूस दाबून डबीत बंद झाला. दुपारी टपाल कचेरीत खिडकीतल्या माणसाने डबी कानाशी नेऊन हलवायला घेतली.

“हलवू नका,” मास्तर जोरात म्हणाले, आणि मग ओशाळून, “नाजूक आहे.”

माणसाने डबी तराजूवर हळूच ठेवली, तिकिटं लावून शिक्का मारला आणि ती मागच्या पोत्यात सोडली. मास्तर खिडकीशीच उभे राहिले, रांगेतल्या मागच्या माणसाने “आजोबा, झालं ना तुमचं?” असं विचारीपर्यंत.