कडुनिंब, एक नग

“पंखे चार, गीझर एक, परदे के पाइप छह.” क्वार्टर ताब्यात घ्यायला आलेले सरकारी बाबू नरेंद्रसिंगजी यादीवर खुणा करत अंगणात पोचले, तशी वंदना पुढे झाली.

“भाईसाब, ये नीम भी लिख लो ना.”

“पेड़ का कॉलम नहीं है जी.”

सुभेदार मोहनने कपाळाला हात लावला. बदलीचा ट्रक भरून उभा, आणि बायकोला झाडाचं सुचत होतं! “अगं, आपण आता पुण्याचे. येणारे बघतील की.”

“तेच बघणारेत. झाड काढून इथं गाडीला शेड घालणार म्हणाले फोनवर.”

तीन वर्षांपूर्वी साहेबलोकांनी मैदानात फोटो काढत लावलेली रोपं चंडीगडच्या पहिल्याच उन्हाळ्यात गेली. वंदनाने रस्त्याकडेचं वीतभर रोप उचलून आणलं होतं, त्याचा कुणी फोटो काढला नाही. आरओचं वाया जाणारं पाणी रोज बादलीने घालून तिने ते जगवलं. आता ते मोहनच्या डोक्याच्याही वर गेलं होतं, आणि झाडाला सोडून जाताना तिचा जीव तुटत होता.

नरेंद्रसिंगजींनी पेन कानामागून काढलं. “लिस्ट में आया तो कोई काटेगा नहीं, जवाब देना पड़ता है. पर आपने लगाया लिखूँ तो बोलेंगे, परमिशन किसने दी? सरकारी लिखना पड़ेगा. आपका नाम नहीं आएगा. और साब साइन करेंगे.”

सव्वीस वर्षांच्या नोकरीत मोहनने खोट्या कागदावर सही केली नव्हती. तो बायकोकडे वळला. “तू जगवलंस, आणि नाव सरकारचं?”

“नाव काय चाटायचंय, अहो? जगू दे म्हणजे झालं.”

मोहनने सही केली.

टॅक्सीत बसताना वंदनाला आठवलं, परवा पाडवा. आपल्या हातच्या झाडाची डहाळी गुढीला हवीच. ती परत फिरली आणि तांबूस पालवीला तिने हात घातला.

“मैडम जी,” नरेंद्रसिंगजी ओशाळून म्हणाले, “अब सरकारी है. टूटा मिला तो मुझसे पूछेंगे.”

“एका डहाळीसाठी? कमाल करते हो यार!” मोहन तडकला.

वंदनाने मात्र हात मागे घेतला. तिचे डोळे भरून आले होते, तरी मनातून तिला फार बरं वाटत होतं.

“असू द्या हो,” ती मोहनला म्हणाली. “मला अडवलं, म्हणजे येणाऱ्यांनाही अडवतील.”

आणि रिकाम्या हातांनी ती टॅक्सीत जाऊन बसली.