टाळूचा वास

माझ्या तान्ह्या लेकीला, आवीशनला, घरी आणलं त्या दिवशी बायकांची नुसती रीघ लागली होती. एकेक जण हात धुऊन यायची, तिला उचलायची, टाळूवर नाक टेकायची आणि डोळे मिटायची. माझ्या सासूबाई, अशरफ खानुम, वास घेता घेता चक्क गप्प झाल्या. त्यांचं गप्प होणं ही आमच्या घरात बातमी असते.

"वाफ जिरलेल्या भाताचा वास आहे गं पोरीला," शेवटी त्या म्हणाल्या.

"भाताचा कुठला?" माझी आई म्हणाली. "सायीचा आहे. कोमट सायीचा."

"तूबा खानुम, मी पाच नातवंडं हुंगलीत. भातच."

"मी एकच हुंगलंय, पण नीट हुंगलंय. साय."

दोघी विहिणी भांडायला बसल्या आणि आवीशन माझ्या मांडीवर आली. मीही नाक टेकलं, डोळे मिटले, जोरात श्वास ओढला. काही नाही. भात नाही, साय नाही. नुसती मऊ, उबदार, हलके हलके उडणारी टाळू माझ्या ओठांना लागली.

"कसा आहे?" दोघींनी एकदम विचारलं.

"दोन्ही आहेत," मी म्हणाले. दोघी खूश झाल्या.

माझ्या नाकाचं असं आहे, की जेवढ्या जोराने श्वास ओढावा तेवढ्या घट्ट दोन्ही नाकपुड्या आत चिकटतात, ओलं फडकं चिकटावं तशा. अगदी सावकाश, चोरून घेतला, तर दोऱ्याएवढी हवा आत जाते. त्या दोऱ्यावरून वास काही चढत नाही. बाकी सगळा कारभार तोंडाने. जेवताना चावायचं की श्वास घ्यायचा ते ठरवावं लागतं. आवीशन पोटात होती तेव्हा आतून सूज येऊन तो दोराही तुटला. "बाळंतपण झालं की मोकळं होईल," असं सगळ्यांनी सांगितलं. बाळंतपण झालं, दोरा परत आला. पण दोराच.

नाक आईने दिलेलं. म्हणजे पहिलं तर तिनेच दिलं होतं, तिचं स्वतःचं, मध्ये उंचवटा असलेलं, रुंद नाकपुड्यांचं. मी विद्यापीठाच्या परीक्षेत पास झाले तेव्हा बक्षीस म्हणून दुसरंही तिनेच दिलं. पूर्वी इराणात, आमच्या रश्त शहरात, मुलींना अशा वेळी सोन्याची बांगडी मिळायची, आता शस्त्रक्रिया करून नवं नाक मिळतं. नाकावरची चिकटपट्टी मिरवत मी मैत्रिणींबरोबर शहरदारी चौकात आइस्क्रीम खात फिरले. पट्टी निघाली तेव्हा बाहुलीसारखं इवलंसं, वर वळलेलं नाक निघालं. आईने आरशासमोर माझ्या मागे उभं राहून टाळ्या वाजवल्या. श्वास कमी पडायला लागला तेव्हा आम्हा दोघींनाही वाटलं, उतरेल सूज.

आता हे कुणाला सांगायचीही सोय नाही. कारण आमच्या गावात सुंदर दिसायला म्हणून कुणीच नाक कापून घेत नाही. सगळ्यांचं आतलं हाड वाकडं असतं, सगळ्यांना श्वासाचाच त्रास असतो. त्यामुळे ज्या बाईला खरोखर श्वास घेता येत नाही तिने तोंड उघडलं, की समोरची डोळा मारते.

"पुन्हा?" सासूबाई म्हणाल्या, मी डॉक्टरकडे जायचं काढलं तेव्हा. "अंगावरचं दूध पिणारी पोर आहे, आणि तुला पुन्हा नाक हवंय?"

"मला श्वास घेता येत नाही, अशरफ खानुम."

"हो बाई. माझ्या भाचीलाही येत नव्हता. लग्न ठरलं आणि यायला लागला."

"आई, खरंच येत नाही तिला," माझा नवरा सियामक मध्ये पडला. "कशी घोरते ते मी ऐकतो ना. ट्रॅक्टर परवडला."

"बायकोचं घोरणं असं चारचौघांत सांगतात होय रे?" त्यांनी त्यालाच झापलं, आणि माझी गोष्ट तिथेच राहिली.

वासाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. घोरणं सांगता येतं, तोंड कोरडं पडतं ते सांगता येतं. माझ्या लेकीचा वास सगळ्या रश्तला माहीत आहे आणि मला माहीत नाही, हे कसं सांगायचं? सासूबाईंची एक मैत्रीण येऊन आवीशनला हुंगून म्हणाली, "घ्या गं घ्या, भरभरून घ्या. दात आले की हा वास गेलाच समजा." त्या दिवसापासून मी रोज बोट घालून तिच्या हिरड्या चाचपायला लागले. हिरड्या मऊ असल्या की जीव भांड्यात पडायचा.

डॉक्टर कैवानींच्या दवाखान्यात स्वागताला बसलेल्या मुलीने माझ्याकडे निरखून पाहिलं. "किती गोड नाक आहे तुमचं! कुणी केलं?"

"मी श्वासासाठी आलेय."

"सगळ्याच श्वासासाठी येतात, खानुम. बसा."

आवीशन रडायला लागली म्हणून सियामक तिला घेऊन खाली गाडीत बसला, आणि मी एकटीच आत गेले. डॉक्टर वयस्क, जाड भुवयांचे. त्यांनी दिवा लावला, आत पाहिलं, मग दिवा बाजूला ठेवून नुसतं म्हणाले, "घ्या श्वास. जोरात." मी घेतला. त्यांनी मान हलवली. हसले नाहीत, डोळाही मारला नाही. मला तिथेच रडू येणार होतं.

"मधला पडदा सरळ आहे तुमचा," ते म्हणाले. "दोष बाजूच्या भिंतींचा आहे. नाक नाजूक दिसावं म्हणून त्यांच्यातली कूर्चा कापून काढलीय, जरा जास्तच. तंबू आहे पण काठ्या नाहीत. तुम्ही हवा ओढता, हवा कापडाला आत ओढते. जितकी ओढाल तितका तंबू बसेल."

"म्हणजे मी जोर करते म्हणूनच बंद होतं?"

"जोर केला की जास्त बंद होतं. थांबा, दाखवतो."

त्यांनी एक बारीक बोथट सळई माझ्या नाकपुडीत घातली आणि आतली भिंत किंचित बाहेर उचलून धरली. "घ्या आता."

मी घेतला, आणि हवा आत आली. दोरा नाही, अख्खं दार उघडावं तशी. तिच्याबरोबर स्पिरिटचा वास आला, डॉक्टरांच्या गार झालेल्या चहातल्या वेलदोड्याचा आला, पावसात भिजलेल्या माझ्याच लोकरी कोटाचा मेंढीसारखा वास आला. कोटाला वास असतो हेही मी विसरले होते.

"असंच धरून ठेवा!" मी त्यांचं मनगटच पकडलं. "हलू नका. मी मुलीला वर बोलावते."

"कुठल्या मुलीला?"

"माझ्या. खाली गाडीत आहे. मला फक्त तिचा वास घ्यायचाय."

डॉक्टरांनी सळई काढली नाही. मी एका हाताने फोन लावला. सियामक उचलेना. फोन वाजत राहिला, मी श्वास घेत राहिले, एकामागून एक, अधाशासारखी. दारातून स्वागताची मुलगी डोकावली, म्हणाली, "डॉक्टर, बाहेर पाय ठेवायला जागा नाहीये." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अलगद सळई बाहेर घेतली. तंबू बसला.

"दुरुस्त होतं हे," ते हात धुता धुता म्हणाले. "कानामागची, नाहीतर बरगडीची कूर्चा घेऊन भिंतीत पट्टी बसवायची. नाक थोडं रुंद होईल, आधीच सांगतो."

"बटाटा झालं तरी चालेल. उद्या करा."

"उद्या नाही. बाळंतपणाची सूज अजून पुरती उतरलेली नाही, अंगावर पाजताय. मुलगी अंगावरचं सोडेल तेव्हा या. एकदा बिघडलेल्या नाकाला दुसऱ्यांदा हात लावताना घाई करायची नसते. तिसऱ्यांदा काही उरत नाही."

"तोवर तिचा वास राहील?"

त्यांनी टॉवेलने हात पुसले. "हे आम्हाला शिकवत नाहीत," ते म्हणाले. मग स्वतःच्या गालावर दोन बोटं ठेवून त्यांनी गाल कानाकडे ओढून दाखवला. "असं ओढून पाहा. सळईचं थोडंफार काम होतं. आणि नाकावर लावायच्या पट्ट्या मिळतात, त्या लावा."

खाली आले तर सियामक आवीशनला खांद्यावर घेऊन गाडीभोवती चकरा मारत होता. फोन सीटवर पडलेला. त्याची काय चूक? ती गाडीत बसूच देत नव्हती.

पट्ट्या आणल्या. आमच्याकडच्या दमट हवेत त्या टिकत नाहीत, एक कोपरा धरला की दुसरा सुटतो. तशीच एक लावून मी नान आणायला गेले तर नानवाल्याच्या भट्टीवरून आरोळी आली, "मुबारक! कोणत्या डॉक्टरकडे केलंत?" मागच्या बाईने तर माझा फोटोच मागितला, मुलीला दाखवायला. पट्टीने नाकाच्या वरच्या भागातली त्वचा ओढली जायची, माझी भिंत बसायची ती त्याच्या खाली. राहिलेलं काम आवीशन करायची. तिला हातात येईल ते ओढायचा नवा नाद लागला होता. पट्टी ओढून काढून ती तोंडात घालायला निघाली, त्या दिवशी मी डबा फेकून दिला.

मग बोटं. मूल हातात घेतलं की गाल ओढायला हात उरत नाही, म्हणून तिला पलंगावर निजवून मी वाकायचे. वाकलं की डोक्यातलं सगळं रक्त नाकात उतरतं, आतले पडदे फुगतात, आणि मग गाल कानापर्यंत ओढला तरी दार उघडत नाही. सियामक म्हणाला, "मी धरतो, तू उभी राहा." त्याने तिला माझ्या नाकासमोर धरलं. मी दोन्ही गाल मागे ओढले. आवीशनने माझं ते ताणलेलं, मगरीसारखं तोंड पाहिलं, आधी खालचा ओठ काढला आणि मग असं काही भोकाड पसरलं, की शेजारच्या बाई धावत आल्या. पुन्हा करायचा माझा धीर झाला नाही. माझ्या लेकीला माझी भीती वाटावी, एवढी किंमत मला द्यायची नव्हती.

आणि परवा तिने माझं बोट चावलं. खालच्या हिरडीतून काहीतरी टोचलं, तांदळाच्या कणीएवढं.

मी आईकडे गेले. आई स्वयंपाकघरात होती. वालाचे दाणे सोलून झाले होते, शेपू चिरलेला होता, लसूण ठेचून नुकताच तेलात पडला होता. आवीशन माझ्या खांद्यावर झोपली होती. मी खुर्चीवर बसले आणि आईला सगळं सांगितलं. भात आणि साय, मी खोटंच म्हटलेलं "दोन्ही आहेत", दवाखान्यातला कोट, आणि दात.

आईने गॅस बारीक केला. माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली, आरशासमोर राहिली होती तशीच.

"कुठे ओढायचं म्हणालीस?"

"इथे. कानाकडे."

"दुखलं तर सांग." तिने दोन्ही हातांची बोटं माझ्या गालांवर ठेवली आणि गाल मागे ओढले. आवीशन खांद्यावरून थोडी खाली सरकली, तिची टाळू बरोबर माझ्या नाकाखाली आली. झोपेत होती, माझं तोंड तिला दिसत नव्हतं. मी श्वास घेतला.

दार उघडलं. आणि आत आला तो लसूण. लसूण आणि शेपू, घमघमाट, डोळ्यांतून पाणी काढणारा.

"आला?" आईने विचारलं.

"मामान, तुझे हात!"

"अगं बाई!" ती धावली. साबणाने घासले, लिंबाच्या सालीने चोळले, पुन्हा साबण. मला हसू आवरेना, आणि हसायचं तर तोंडाने, नाहीतर नाक बंद. ती परत आली, परत गाल धरले. आता साबण, लिंबू आणि त्यांच्या खाली शांतपणे बसलेला लसूण. रश्तच्या बाईच्या बोटांतला लसूण असा दोन धुण्यांत जात नाही.

"तू माझ्या हाताचा वास सोडून दे," आई म्हणाली. "त्याच्या मागचा घे."

मी त्याच्या मागचा शोधला. लसणाच्या मागे आईच होती. तिचा स्वयंपाक आटोपल्यावरचा, उन्हात वाळलेल्या कपड्यांचा, मला ताप आला की जवळ यायचा तो वास. त्याच्या मागे मला काही सापडलं नाही. असेल, किंवा नसेल.

"तूच बघ," मी म्हणाले. "आहे ना अजून?"

आईने माझ्या खांद्यावरून वाकून आपलं ते मोठं, उंचवट्याचं नाक नातीच्या टाळूवर टेकलं. बराच वेळ.

"आहे की," ती म्हणाली.

"कसा आहे? भात की साय?"

"असतो तसा." आणि तिने आवीशनच्या पाठीवरचं पांघरूण उगाच सारखं केलं. सायीसाठी विहिणीशी भांडलेली माझी आई.

मी पुढे विचारलं नाही. आवीशनची चाळवाचाळव सुरू झाली होती. डोळे न उघडताच ती खांद्यावरून खाली, माझ्या गळ्याकडे, मग छातीकडे, नाकाने चाचपत निघाली. तिच्या त्या रुंद नाकपुड्या, आईच्या, माझ्या जुन्या, दर श्वासाला फुलत होत्या, मिटत होत्या, पुन्हा फुलत होत्या. तिला काही शोधावं लागलं नाही. थेट पोचली.

मी तिला ओढणीखाली घेतलं. आता पुरे, असं आईला सांगायचं होतं, पण आईने बोटं काढली नव्हती. माझे गाल धरून ती तशीच मागे उभी होती, आणि मी तोंड मिटून, नाकाने, लेकीला पाजत होते.

मग मला वास आला. आईच्या आधी.

"मामान, लसूण करपतोय."

"करपू दे," ती म्हणाली.