अडीच बोटं माया

"कोट होत नाही. मी येत नाही," बाबा म्हणाले आणि कोट खुर्चीवर भिरकावला.

लेक कमरेवर हात ठेवून दारातच उभी राहिली. चार वाजता काकाची शोकसभा होती. सहा जण बोलणार आणि शेवटी थोरला भाऊ म्हणून बाबा. उभ्या जन्मात ह्या माणसाने धाकट्या भावाला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. आज नाही म्हटलं तर कधी म्हणणार? मेलेल्याला मागाहून टपालाने कळवता येत नाही.

"मग शर्टावर चला."

"तीस वर्षं कटिंग मास्तर होतो मी. चारचौघांत शर्टावर उभा राहू?"

"कोट नुसतं निमित्त आहे, बाबा. तुम्हाला बोलायचंच नाहीये."

"काय बोलू? उडाणटप्पू होता म्हणून सांगू? ते सगळ्यांना ठाऊक आहे."

उडाणटप्पू तर तो होताच. पण म्हणणारे कोण, तेही बघा. हयातभर ज्यांनी त्याला ओवाळून टाकलेला ठरवलं, तेच नातेवाईक सकाळपासून फोनवर "देवमाणूस हो, देवमाणूस" करत होते. मेलेला माणूस परवडतो. तो दारात येऊन उभा राहत नाही. आणि ह्यातल्या निम्म्यांच्या अंगावरचे कपडे काकानेच शिवलेले, पुन्हा फुकट.

काकाचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक मशीन, एक टेबल, आणि दारावर खडूने लिहिलेलं 'येतो'. कधी, ते लिहिलेलं नसे. एकदा त्या 'येतो'वर तीन आठवडे गेले. लेक नऊ वर्षांची असताना त्याने तिला शाळेच्या फाटकातूनच उचलून सायकलच्या दांडीवर बसवलं होतं. "चल टाचणी, नव्या पुलाचा मधला तुकडा बसवतायत. असलं काही तुझ्या भूगोलात नसतं." तिची जीभ टोचरी, म्हणून टाचणी. दिवसभर दोघं नदीकाठी शेंगदाणे खात तो लोखंडी तुकडा हवेत लोंबताना बघत बसले. परत आले तर दुकानापुढे एक नवरदेव रडकुंडीला आलेला. उद्या लग्न, आणि ह्याची पँट अजून कापडातच! काकाने अंगावरची नवी पँट जागच्या जागी उतरवली, कमरेत उसवली, त्याच्या मापाची करून हातात दिली. स्वतः पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर मशीन मारत होता. "लग्न तुझं आहे रे. मला कोण बघतंय?"

ती पँट वाढली, कारण काका शिवणीत माया ठेवायचा. शिवणीच्या आत दुमडलेलं जादा कापड, त्याला शिंपी माया म्हणतात. बाकीचे अर्धं बोट ठेवतात, काका दोन बोटं ठेवी. "अंग सुटतं गं माणसाचं. सुखाने सुटतं, औषधांनी सुटतं. कापडाने आधीच तयारीत असावं."

ह्याच मायेपायी त्याची नोकरी गेली. बाबांनी त्याला आपल्या कारखान्यात चिकटवलं होतं. तिथे तयार कपडे निघत, कापडाचे शंभर थर एकावर एक रचून एकदम कापायचे. काका खडूची रेघ गुपचूप दोन बोटं बाहेर ओढायचा. आठव्या दिवशी घरी! मालकाने काढलं, एवढंच घरात सगळ्यांना माहीत. महिन्याने काकाने हा निळा कोट शिवून आणला. बाबांनी घातला, आरशात वळून पाहिलं, आणि म्हणाले, "डावी बाही उंच वाटते." काका हसला. विषय संपला.

लेकीने आता खुर्चीवरचा कोट उचलला, उलटा केला, ब्लेड आणलं आणि बगलेखालचं अस्तर सोडवायला घेतलं.

"अगं, फाडतेस काय!"

"मास्तर ना तुम्ही? या, बघा."

बाहेरून कोट विटून राखाडी झाला होता. शिवण उघडली तसा आतून गर्द निळा पट्टा निघाला, पहिल्या दिवसाचा. बाबांनी चष्मा लावला. पट्ट्यावर दोन बोटं आडवी ठेवली. पुन्हा ठेवली.

"अडीच," ते म्हणाले. "लेकाच्याने अडीच ठेवलीय."

"सगळ्यांना दोन ठेवायचा."

"मला कशाला सांगतेस? मला मोजता येत नाही?" त्यांचा आवाज फाटला. मग ते खेकसले, "सरक. तुझे टाके म्हणजे म्हशीची चाल. सुई इकडे दे."

"पट्टा दिसेल, बाबा."

"दिसू दे."

त्यांनी दोन बोटं वापरली, अर्धं आतच राहू दिलं.

सभेत सहा जण बोलले. 'देवमाणूस' अकरा वेळा आला, लेकीने मोजलं. मग बाबा उठले. कागद नव्हता. त्यांनी उजवा हात वर केला, तशी बगलेखालची गर्द पट्टी सगळ्यांना दिसली.

"ही त्याची माया. हिच्यासाठी त्याला कारखान्यातून काढलं. मालकाला पत्ताही नव्हता. मी काढलं."

आत्या पंख्याने वारा घेत होती. तिचा हात थांबला. लेकीलाही हे आजच कळत होतं.

"कापड वाया घालवतो म्हणून काढलं. कोणी काढलं ते त्याला माहीत होतं. माहीत असून त्याने हा कोट शिवला." बाबा थांबले. त्यांना पाणी हवं होतं, पण मागितलं नाही. "माझ्यापेक्षा चांगला कारागीर होता तो. माणूस म्हणून तर विचारूच नका. मी तेव्हा म्हणालो होतो, डावी बाही उंच आहे. नाहीये. माझा खांदाच वाकडा आहे. ते त्यालाही माहीत होतं."

आत्या एकदम हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला.

बाबा खाली बसले. कोट कुठेही ताणला नाही.