काळी चार

"डबा बिघडलेला आहे," मालिनीने तिसऱ्यांदा जाहीर केलं. "काल आणला आणि आज बिघडला. वरच्या षड्जाला गेलं की गळाच धरतो मेला."

चंद्रहास स्वयंपाकघरात तुर्की दुकानातली मेथी निवडत होते. "कोणाचा गळा धरतो?" त्यांनी विचारलं आणि लगेच जीभ चावली. आज त्यांचं निवडण्याकडे लक्ष नव्हतं. काड्या पातेल्यात जात होत्या आणि पानं कचऱ्यात.

डबा म्हणजे इलेक्ट्रॉनिक तानपुरा. मालिनीचा आधीचा डबा एकवीस वर्षं वाजला. पुण्याहून आर्नहेमला आली तेव्हा तिने तो मांडीवर घेऊन विमानप्रवास केला होता. नवऱ्याला मागची सीट मिळाली होती. दसऱ्यापासून त्यात खरखर सुरू झाली. 'बघू, करू' म्हणता म्हणता डिसेंबर आला, आणि सोमवारी दुपारी बातमी फुटली की कोरोनामुळे उद्यापासून सगळी दुकानं पाच आठवडे बंद. अख्खा देश रांगा लावायला धावला. कोणी सोफा आणला, कोणी नाताळची भेट. मालिनीने मास्क लावला, जुना डबा पिशवीत घातला आणि हेगची गाडी पकडली.

गाडीतून तिने नवऱ्याला फोन केला होता. चंद्रहास तेव्हा दाताच्या डॉक्टरकडून नुकतेच बाहेर पडले होते आणि त्यांचा अर्धा जबडा बधिर होता. "नवीन डबा घेऊनच टाकते, चालेल ना?" या प्रश्नाला त्यांनी "अं... अं" असं काहीतरी उत्तर दिलं. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा नकार इतका अस्पष्ट कधीच आला नव्हता, तेव्हा तो होकार धरला गेला.

हेगच्या दुकानाचे मालक जगेसरजी. त्यांचे पणजोबा बिहारमधून सुरीनामला गेले, ते स्वतः तिथून इथे आले, पण हिंदी शाबूत. शटर अर्ध्यावर आणून त्यांनी दहा मिनिटांत नवा डबा बांधून दिला आणि इथल्या रीतीप्रमाणे जुना मोडीत टाकायला ठेवून घेतला. संध्याकाळी हे ऐकल्यावर चंद्रहासनी बधिर तोंडाने तीनदा विचारलं, "जुना कुठाय?" मालिनीला वाटलं, इंजेक्शनचा परिणाम.

"जरा खालच्या पट्टीत लावून बघतेस का?" आता ते मेथी हातात घेऊनच बाहेर आले. "थंडी आहे. थंडीत गळा..."

"अहो, एकवीस थंड्या काढल्या मी इथे. काळी चार म्हणजे काळी चार."

काळी चार ही पेटीची चौथी काळी पट्टी, आणि मालिनीची पहिली ओळख. साठी उलटली तरी ती तिथूनच गात होती, साथीला पेटीवर चंद्रहास. पुण्यातली तिची गुरुभगिनी सरला मात्र पन्नाशीतच खाली उतरली होती, आणि मालिनी दर फोनवर तिची प्रेमाने विचारपूस करी: "सरले, आता कुठल्या पट्टीत गं तू? असू दे, असू दे. प्रत्येकीचा गळा वेगळा." यंदा इथल्या मराठी मंडळाची संक्रांतीची मैफल झूमवर होणार होती. त्यामुळे सरला पहिल्यांदाच ऐकायला बसणार होती. निमंत्रण मालिनीनेच धाडलं होतं.

आठवडाभर तिने नव्या डब्याशी झुंज दिली. वरच्या षड्जावर आवाज फाटायचा, त्यापुढे गंधाराला तर नुसती हवा. आठव्या दिवशी तिने जगेसरजींना फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला, म्हणजे फसवणुकीला साक्षीदार असावा. साक्षीदार समोरच पेटीची धूळ पुसत बसला होता.

"मशीन बराबर है, मॅडम," जगेसरजी शांतपणे म्हणाले. "झूठी तो पुरानीवाली थी. कबाड़ में देने से पहले बजाके देखी. काँटा काली चार पर, और आवाज निकलती है सफेद चार की, तीन सुर नीचे. किसीने बटन का स्क्रू ढीला करके, घुमाके, फिर कस दिया है. एक बार नहीं, कई बार. निशान पड़े हैं."

"किसने?" मालिनीने विचारलं.

"अब ये मैं कैसे बोलूँ. पर काम बहुत सफाई का है. कोई जानकार आदमी है."

फोन ठेवला गेला. चंद्रहासनी निवृत्त होईपर्यंत एका वीज कंपनीत एकच काम केलं होतं: मीटर अचूक दाखवतो की नाही हे तपासायचं आणि खाली सही करायची. त्यांच्या सहीवर निम्मं आर्नहेम बिल भरत असे. त्यांचे बारीक स्क्रू-ड्रायव्हर आजही मखमली डबीत झोपत.

पेटी पुसायचं फडकं थांबलं.

"कधीपासून?"

"तुझ्या थायरॉइडच्या ऑपरेशननंतर. दोन हजार आठ."

"दरवर्षी?"

"दरवर्षी नाही गं. तीनदाच. मोठा बदल एकदम केला असता तर तुझ्या लक्षात आलं असतं. म्हणून केसाकेसाने."

"आणि पेटीवर?"

"पेटीवर मी एकेक पट्टी खाली सरकलो." त्यांनी घसा खाकरला. "तू डोळे मिटून गातेस. आणि चष्मा लावत नाहीस."

ते खरं होतं. शिवाय गाणाऱ्याने पेटीला हात लावू नये, ते साथीदाराचं काम, अशी तिच्या गुरूंची ताकीद होती. ती तिने मनापासून पाळली होती.

"मला सांगायचं होतंत."

"तू डबा माळ्यावर टाकला होतास, आठवतं? म्हणालीस, काळी चार गेली, आता गाणं संपलं. चार महिने घरात तू गुणगुणलीसुद्धा नाहीस. मग मी तो खाली काढला, बटन फिरवलं. तू गायलीस, आणि म्हणालीस, आला बघा माझा गळा परत. तेव्हा काय सांगायचं होतं?"

"हेच. की गळा परत आला नाही, बटन फिरलंय." मालिनीचा आवाज अजिबात चढला नाही, आणि त्याचीच चंद्रहासना भीती वाटली. "दिवाळीच्या मैफलीत लोक म्हणायचे, या वयात काळी चार. तुम्ही शेजारी बसून मान डोलवायचात. सरलेला मी बारा वर्षं खिजवत होते, ते तुम्ही ऐकत होतात. तुम्ही मला सगळ्यांदेखत खोटं बोलायला लावत होतात, आणि मला एकटीलाच ते माहीत नव्हतं."

"बाकी कोणालाही नव्हतं माहीत," चंद्रहास म्हणाले. सांत्वन म्हणून हे फारसं बरं नव्हतं, हे त्यांनाही कळलं.

त्यानंतरचे तीन आठवडे घरात तिने त्यांना एकदाही 'अहो' म्हटलं नाही. "चहा झालाय," असं ती भिंतीला सांगे. रियाझाला दार लावून बसे. मधूनच तिला वाटे, त्या सोमवारी ती गाडी चुकली असती तर किती बरं झालं असतं. खरखरीसकट तो डबा अजून दहा वर्षं खोटं बोलला असता, आणि ती सुखाने गात राहिली असती. मग हे आपल्याला वाटलं याचाच तिला जास्त राग येई.

चंद्रहासनी न राहवून एकदा जगेसरजींना गुपचूप फोन केला. जुना डबा ठेवून द्या, दुकान उघडलं की मी नेतो.

"मॅडम का फोन आ चुका," जगेसरजी म्हणाले. "बोलीं, कबाड़ में ही जाने दो. पर पहले पूछा, एक बार बजाके सुनाओगे? मैंने फोन पकड़ के रखा. पाँच मिनट सुनती रहीं."

संक्रांतीच्या मैफलीत पडद्यावर बावन्न चौकोन होते. मंडळाच्या शर्मिलाने कौतुकाने सुरुवात केली, "आपल्या मालिनीताई, आजही काळी चारला..."

"पांढरी चार," मालिनी म्हणाली. "गेली काही वर्षं पांढरी चारच. मला जरा उशिरा कळलं."

पुण्याच्या चौकोनात सरला काहीतरी म्हणाली. तिचा माइक बंद होता, तो कोणीच उघडला नाही.

मालिनीने नव्या डब्याचं बटन स्वतःच्या हाताने पांढरी चारवर लावलं. शेजारी चंद्रहासची बोटं सवयीने आधीच त्या पट्टीवर जाऊन बसली होती.

तिने पर्समधून चष्मा काढला, पदराने पुसला, लावला. मग त्यांच्या बोटांकडे बघत, एकदाही डोळे न मिटता, तिने षड्ज लावला.