काजूच्या तेलाचा बाक

मी नजमुद्दीन. वय अडुसष्ट. कुवेतला सव्वीस वर्षं सुतारकी केली. लाकडातलं मला कोणी शिकवू नये, असं मी चारचौघांत छाती पुढे काढून म्हणतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण याच एका वाक्यामुळे घडलं.

दिघीच्या जेट्टीपासून दहा मिनिटांवर आमची नारळांची वाडी आहे. वाडीच्या टोकाला, खाडीकडे तोंड करून, वडिलांनी बांधलेलं एक खोपटं आहे. वडील मचव्यावर तांडेल होते. शिडं, दोर, वल्ही ठेवायला त्यांनी ते बांधलं आणि पुढे उन्हाळाभर तिथेच झोपायला लागले. ते गेल्यावर खोपट्यात फक्त उंदीर राहिले. यंदा मुलगी माहीन म्हणाली, "अब्बा, मे महिनाभर मुलांना तुमच्याकडे ठेवते, मला रजा नाही." तेव्हा मी ठरवलं, नातवंडांना तिथेच झोपवायचं. घरातल्या पंख्याखाली झोपायला त्यांना नवी मुंबई आहेच की.

एप्रिलभर मी राबलो. कौलं उतरवून धुतली, फुटकी बदलली, दोन वासे नवे घातले. कुडाच्या भिंती लिंपल्या. मुलं आली आणि खोपट्याला जीव आला. अफान नऊ वर्षांचा, अक्सा सहाची. सकाळी खाडीत डुंबायचं, मग नानीच्या हातचे घावणे, मग ताडगोळे, मग आंबे, पुन्हा खाडी. रात्री कौलांच्या फटीतून चांदणी दिसली की अक्सा मला उठवून दाखवायची. इतका सुखी मी कुवेतच्या पहिल्या पगारालाही नव्हतो.

माहीनने जाताना मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली होती. "अब्बा, अफान हल्ली खोटं बोलतो. शाळेतून दोनदा चिठ्ठी आली. जरा लक्ष ठेवा. मला भीती वाटते, ही सवय लागली तर त्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही." मी म्हणालो, "माझ्यावर सोड." सोडलं तिने.

आता बाकाचं. वडिलांचा एक सागवानी बाक होता, वाळवीने कडेला खाल्लेला. मासूमा, माझी बायको, म्हणाली, "पोरं हायत घरात. दुकानातलं वार्निश आना न् लावा." मी हसलो. आमच्याकडे होडीच्या तळाला काजूच्या टरफलांचं तेल लावतात. त्या तेलाला ना वाळवी शिवत, ना पाणी. पण ते तेल जहाल, कातडीला लागलं तर फोड उठवतं. वडील आधी हातांना खोबरेल चोळायचे, मगच बोळा बुडवायचे. आणि लावल्यावर आठ दिवस लाकूड कडक उन्हात ठेवायचे, कोणाला जवळ फिरकू द्यायचे नाहीत. खोबरेल मी चोळलं. आठ दिवस मात्र मला धीर निघाला नाही. शुक्रवारी माहीन मुलांना बघायला येणार होती, तिला बाक पडवीत मांडलेला दाखवायचा होता. सोमवारी लावलं, मंगळवारी सकाळी कोरड्या फडक्याने पुसलं, बोट लावून पाहिलं. माझ्या बोटाला काय कळणार? कुवेतच्या आधीची-नंतरची धरून चाळीस वर्षांत त्याचा खूर झालाय. बाक मांडला आणि मी जेट्टीवर चहाला गेलो. मुलांना सांगायचं राहून गेलं.

मंगळवारी संध्याकाळी अफानच्या मांड्या आणि दोन्ही तळवे लाल झाले. बुधवारी सकाळी टरारून फोड आले. मासूमाने दही लावलं, खोबरेल लावलं. पोरगं रडून रडून दमलं.

नेमकी त्याच सकाळी शेजारची सोनाबाई कुंपणाशी आली. "नजमूभाई, माज्या काजूची फांदी कोनी मोडली ओ? बोंडं सगली खाली परलीत."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मांड्या आणि तळवे! झाडाला विळखा घालून चढलं की बरोबर तिथेच फोड उठवणारा चीक लागतो. मी अफानसमोर जाऊन बसलो.

"काजूवर चढला होतास?"

"नाही नाना."

"खरं सांग."

"खरंच नाही. मी पाण्यातून आलो आणि फक्त बाकावर बसलो. अल्लाची कसम."

बाकाचं नाव काढलं आणि माझं टाळकं सरकलं. माझ्या बाकाला नावं ठेवतो? वर कसम खातो? मी त्याला फैलावर घेतलं. खोटी कसम खाणाऱ्याला काय होतं ते सांगितलं. वर बजावलं की खरं बोलत नाहीस तोवर मासे धरायची गरी टाकायला जेट्टीवर नेणार नाही. त्या गरीसाठी तो आल्यापासून माझ्या मागे लागला होता. मासूमा आतून म्हणाली, "पोर सांगतंय ना न्हाय म्हनून." मी तिलाही गप्प केलं.

दिवसभर तो खाटेवर पालथा पडून होता. संध्याकाळी जवळ आला. "नाना, मी चढलो होतो."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! आईला जमलं नाही ते मी एका दिवसात करून दाखवलं, असं वाटलं. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गुरुवारी सकाळी त्याला जेट्टीवर नेलं. आगरदांड्याची फेरी लागली होती, गाड्या उतरत होत्या. तळव्यांना फडकं गुंडाळून बसलेल्या अफानने दोन शेंगाळे काढले. दुसरा चांगला वीतभर होता. मग गरी पाण्यात सोडून त्याने विचारलं, "नाना, काजूचा चीक फांदीतून येतो की पानातून?"

"फांदी मोडली की येतो. का रे?"

"मम्मी विचारेल ना. आणि चढताना आधी कुठला पाय ठेवतात?"

तेव्हाच मला कळायला हवं होतं. झाडावर चढलेलं पोरगं असले प्रश्न विचारत नाही. मी फक्त म्हणालो, "गरीकडे लक्ष दे."

ते प्रश्न डोक्यात घेऊन घरी आलो तो थेट पडवीत गेलो. दुपारचं ऊन बाकावर पडलं होतं. तेलाच्या चकाकीत दोन छोट्या मांड्यांचे ठसे होते, आणि दोन्ही बाजूंना दोन पंजे. पाची बोटं मोजता येत होती.

मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी राख आणि नारळाचं सोडण घेतलं आणि ते ठसे घासून काढले. मासूमाने विचारलं, "काय करताव?" मी म्हणालो, "धूळ बसली." मग बाक उचलून उन्हात नेऊन ठेवला. मनाशी म्हटलं, फोड तर सुकतायत. पोराने कबूल केलंय, त्याला गरीही मिळाली. आता उकरून कोणाचं भलं होणार आहे? खरी गोष्ट अशी की मला बायकोला तोंड दाखवायचं नव्हतं. रात्री अफान माझ्या कुशीत झोपला आणि फडकं गुंडाळलेला हात माझ्या छातीवर टाकला. माझा डोळा लागला नाही.

शुक्रवारी माहीन आली. मासूमाने तिला सगळं सांगितलं. माहीन झाडाबद्दल काही बोलली नाही. तिला लागलं ते कसमेचं. "कसम खाऊन खोटं बोललास, अफान? आता मी तुझं काय खरं मानू?" तो मान खाली घालून उभा राहिला. "चल, सोनाबाईंची माफी माग." ती त्याला घेऊन कुंपणाकडे निघाली. मी मागोमाग गेलो. गप्प बसायचं ठरवूनच गेलो होतो.

सोनाबाई बाहेर आली. अफानने फडकं गुंडाळलेल्या हातांनी कान धरले आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "मी तुमच्या झाडावर चढलो. आधी उजवा पाय ठेवला. मग फांदी मोडली, तिच्यातून चीक आला. सॉरी."

माझ्याच्याने ते ऐकवलं नाही. मी म्हणालो, "माहीन, तो चढला नाही. बाकाला मी काजूचं तेल लावलं होतं, ओलं होतं. तो त्याच्यावर बसला. चूक माझी आहे."

माहीनने माझ्याकडे पाहिलं. "अब्बा, त्याला पाठीशी घालू नका. त्याने स्वतः कबूल केलंय."

"माझ्या भीतीने केलंय. मी ठसे पाहिले बाकावर."

"दाखवा."

दाखवणार काय? "मी घासून टाकले," मी म्हणालो. "काल."

मासूमा कधी मागे येऊन उभी राहिली होती कोण जाणे. तिने तोंडाला पदर लावला आणि दुसरीकडे पाहिलं. आयुष्यात तिने मला खूप बोलून घेतलंय. त्या वेळी काही बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी अफानसमोर मातीत गुडघे टेकले. त्याचे हात कानांवरून खाली घेतले. "बेटा, तू पहिल्या दिवशी खरं बोललास. मी तुला खोटं पाडलं. मला माफ कर. आता मम्मीला सांग, जे झालं ते सांग. मी रागावणार नाही, कोणीच रागावणार नाही."

त्याने आधी आईकडे पाहिलं, मग सोनाबाईकडे, मग माझ्याकडे. माझा चेहरा तो नीट निरखत होता. मला काय ऐकायचंय ते शोधत होता.

"नाना," त्याने हळूच विचारलं, "बाकावरचं सांगू की झाडावरचं?"