आठ फिती आणि सात पिना

“पुन्हा उघड,” बाई म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. आठ दरवाजे, आठही बंद, आठांवरही माझी सही झालेली, घड्याळात दीड वाजून गेलेला, आणि बाई हातात टॉर्च घेऊन पहिल्या दरवाज्यापाशी अशा निवांत उभ्या, जणू त्यांची सकाळ आत्ता कुठे सुरू झाली होती.

“आता काय उघडायचं बाई? सगळं झालंय.”

“झालंय ना? मग उघडायला कसली भीती?”

“भीती कसली आलीय! मला दोन वाजता बायकोला दवाखान्यातून आणायचंय. डोळ्याचं ऑपरेशन झालंय तिचं सकाळी. एका डोळ्याला पट्टी बांधून बसली असेल बाकावर, माझी वाट बघत.”

“फोन कर तिला. म्हणावं, तीन वाजतील,” बाई म्हणाल्या आणि बाही वर सरकवली.

या बाई म्हणजे आमच्या हँगरमधल्या सगळ्यात जुन्या तपासनीस. विमान दुरुस्तीच्या कामात नियमच आहे, की काम एकाने करायचं आणि दुसऱ्याने ते वेगळं तपासून दुसरी सही करायची. त्या सहीशिवाय विमान दारातून बाहेर जात नाही. बाकीचे तपासनीस टॉर्च मारायचे, हँडल दोनदा खालीवर करायचे, चार प्रश्न विचारायचे आणि सही ठोकायचे. बाई मात्र लावलेलं प्रत्येक झाकण उघडायला लावायच्या, आत बोट घालून बघायच्या आणि मग ते परत लावायला लावायच्या. त्यावरून पोरांनी त्यांचं नाव पुन्हाबाई ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. एकदा चहाच्या वेळी कुणीतरी त्यांना कप दिला, तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, “पुन्हा एक दे, म्हणजे नावाला जागल्यासारखं होईल.”

आणि मी दारवाला. एकोणीस वर्षं विमानांच्या दरवाज्यांवरच काम करतोय. लोकांना विमान म्हटलं की इंजिन आठवतं, पायलट आठवतो. दरवाज्याची आठवण कुणाला येते? तो नीट लागतो तोवर कुणालाच नाही. माझी बायको नातेवाइकांना गंभीर चेहऱ्याने सांगते, “आमचे हे विमानात दारवान आहेत.” मी चिडलो की म्हणते, “मग काय, दाराशीच तर असता!”

त्या दिवशी आठही दरवाज्यांच्या हँडलात बदल करायचा होता. आतली कुलपाची जुनी पट्टी काढून तिथे नवी, जाड पट्टी बसवायची, असं विमान बनवणाऱ्यांचं पत्र आलं होतं. काम तसं फार अवघड नाही, पण दरवाज्याच्या पोटात स्लाइड असते. संकटात दार उघडलं की ती बाहेर पडते, तिच्याशेजारची गॅसची नळकांडी उघडते आणि चार-पाच सेकंदांत रबराची भलीमोठी घसरगुंडी फुगून जमिनीला टेकते. माणसं तीवरून खाली उतरतात. आम्ही आत हात घालून बसलेलो असताना ती फुगली, तर आमच्या फासळ्याच मोडतील. म्हणून काम सुरू करण्याआधी नळकांडीच्या तोंडात एक पिन खुपसून ठेवायची. पिन आत असेपर्यंत गॅस सुटत नाही. पिनेला हातभर लांब लाल फीत असते, ती झाकणाबाहेर लोंबत राहते. काम संपलं की फीत धरून पिन ओढून काढायची आणि फळ्यावरच्या खुंटीला अडकवायची. आठ दरवाजे, आठ फिती. फळ्यावर आठ फिती दिसल्या की काम संपलं, इतका सोपा हिशोब.

मी बाईंना फळा दाखवला. “मोजा तुम्हीच. आठच्या आठ आहेत.”

“बघितल्या मी,” बाई म्हणाल्या. “उघड.”

मी चरफडत पहिलं झाकण उघडलं. नंतर दुसरं, तिसरं. स्क्रू काढताना मी मुद्दाम आदळआपट करत होतो, आणि हे सांगायला मला आज लाज वाटते. तोंडाने पुटपुटतही होतो. काही माणसांना घरी कुणी नसतं, म्हणून ती दुसऱ्यांनाही घरी जाऊ देत नाहीत, असंही बोललो. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं आणि मी काय म्हणालो ते त्यांनी नक्की ऐकलं. गुडघ्यावर बसल्या, आत बोट घातलं, उठल्या, पुढच्या दाराशी गेल्या.

चौथ्या दरवाज्यापाशी त्यांचं बोट आत थांबलं.

“टॉर्च धर जरा.”

मी टॉर्च धरला. नळकांडीच्या तोंडात पिन होती, अगदी मी सकाळी खुपसली होती तशीच. फीत तेवढी नव्हती. पिनेपाशी झिजून फीत तुटली होती आणि माझ्या हातात आली होती, आणि मी बहाद्दर तिचं खालचं टोक न बघता ती बाकीच्यांबरोबर खुंटीला अडकवून मोकळा झालो होतो. फीत हातात आली म्हणजे पिन आली, असं एकोणीस वर्षांत हाताला वळणच पडलं होतं. आम्ही सगळेच पिना मोजत नव्हतो, फिती मोजत होतो.

मी तिथेच विमानाच्या फरशीवर बसलो. संध्याकाळी त्या विमानात दोनशेच्या वर माणसं बसणार होती. काही वेडंवाकडं झालं असतं, चौथं दार उघडलं असतं, तर घसरगुंडी रिकाम्या पोत्यासारखी नुसती लोंबत राहिली असती. आणि दाराशी माणसांची रांग.

बाईंनी पिन काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि पाचव्या दरवाज्याकडे गेल्या. आठही दरवाजे त्यांनी मला तसेच उघडायला लावून बघितले, पहिल्याइतकाच वेळ घेऊन. झाकणं परत लावून आम्ही खाली आलो आणि त्या बाकावर माझ्याशेजारी बसल्या.

“आता ऐक,” त्या म्हणाल्या. “हे मला लिहावं लागणार. न लिहिता मी सही करणार नाही, हे तुला ठाऊक आहे. पण मी लिहिलं तर ते तुला पकडल्याचं होईल. तू स्वतःहून लिहिलंस, तर ते तू सांगितल्याचं होईल. नियमातही तेवढा फरक आहे. उद्या सकाळी आठपर्यंत मी लिहिलेला कागद टेबलाच्या खणात राहील.”

“लायसन्स जाईल का बाई?”

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “खोटा धीर कशाला देऊ? जा आता. ती बिचारी बसली असेल ना तिकडे.”

दवाखान्यात पोचेस्तोवर साडेतीन वाजले. बायको बाकाच्या टोकाला पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तोंड उघडून मला झापणारच होती, पण उघड्या एका डोळ्याने माझा चेहरा बघितला आणि थांबली. घरी जाताना रिक्षात मी तिला सगळं सांगितलं. बाईंना घरावरून बोललो, तेही सांगितलं. न लिहिता कसं निभावता येईल, याचे जे दोन-तीन विचार मनात आले होते, तेही सांगून टाकले. खुंटीवरून काढून आणलेली तुटलेली फीत खिशात होती. ती जाळून टाकली असती, तर कुणाला काय कळणार होतं? बाईंचा शब्द आणि माझा शब्द.

बायको मांडीवरची पिशवी सावरत ऐकत होती. मग म्हणाली, “तुमची फीत तुटली, तशी दुसऱ्या कुणाची तुटली नसेल कशावरून?”

ती शिवणकाम करते, विमानातलं तिला ओ की ठो कळत नाही. पण मी एवढा दारवाला, माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी आपला माझं लायसन्स आणि माझी अब्रू धरून बसलो होतो.

“आणि त्या बाईंचे उपकार माना आधी,” ती म्हणाली. “ऑपरेशनच्या दिवशी तुमच्यावर ओरडायची पाळी आणलीत, ते मी नंतर बघते.”

सकाळी सात वाजता मी हँगरच्या ऑफिसात बसून लिहिलं. मला लिहिण्याचा कंटाळा, पण त्या दिवशी दोन पानं भरली. फीत कशी झिजली, कशी हातात आली, मी का बघितलं नाही, सगळं. घाई होती, हेही लिहिलं. शेवटी लिहिलं, की फिती मोजण्याची आमची सवय चुकीची आहे, आणि असं आणखी कुणाकडून झालं असेल, तर बाकीची विमानंही बघावीत.

लायसन्स गेलं नाही, पण दरवाज्यांवरून मला चार महिने बाजूला काढलं. मी खाली गोदामात सुटे भाग पुसत बसलो. पुन्हा सगळं शिक्षण, पुन्हा परीक्षा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान पोरांबरोबर. जेवायच्या सुट्टीत लोक माझ्याशी जरा जास्तच गोड बोलायचे, ते फार टोचायचं. आणि या सगळ्यात एका दुपारी मोठे साहेब गोदामात आले. ते कधी गोदामात येत नसत. माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “सगळी विमानं तपासली. आणखी दोनांत सापडल्या.”

“काय सापडलं?”

“पिना. बिनफितीच्या. एका विमानात चार महिन्यांपासून होती.”

ती दोन्ही विमानं रोज उडत होती. रोज माणसं घेऊन जात होती, आणत होती. साहेब गेल्यावर मी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून रडलो. कसलं रडू होतं ते नीट सांगता येत नाही. लाज होती, पण त्याहून जास्त असं वाटत होतं, की कुणीतरी आपल्याला दंडाला धरून कड्यावरून मागे ओढलंय. आपल्याला, आणि कोण जाणे किती जणांना.

नंतर ती पिनच बदलली. आता फितीऐवजी जाड तार असते, पिनेतच ओतलेली, आणि पिन आत असेल तर झाकण लागतच नाही. फळ्यावरची खुंटीही गेली. या बदलाच्या कागदावर माझं नाव नाही, बाईंचंही नाही. असण्याचं कारणही नाही.

चार महिन्यांनी मी दरवाज्यांवर परतलो. पहिल्याच दिवशी बाई टॉर्च घेऊन आल्या. “उघड.” मी मुकाट्याने उघडलं. त्या दिवशीच त्यांना म्हणालो, “बाई, तेव्हा मी तुमच्या घरावरून बोललो. चुकलं माझं.” त्या म्हणाल्या, “अरे, मला गुडघ्याचं दुखणं इतकं, की तुझं बोलणं कुठे ऐकत बसू?” आणि आत बोट घातलं.

पुढची दोन वर्षं त्यांनी माझं प्रत्येक झाकण उघडायला लावलं. एकदाही म्हणाल्या नाहीत, की राहू दे, तुझं काम आहे. मला त्याचा राग येत नव्हता, खरंच नाही. पण मनात एक कुसळ होतं. या बाईंना माझ्या हाताचा भरवसा परत वाटतोय की नाही, हे मला कधी कळणार? विचारायची हिंमत नव्हती. आणि विचारलं असतं, तर त्यांनी खोटा धीर दिला नसता, हेही ठाऊक होतं.

बाई निवृत्त झाल्या. कंपनीने रीतीप्रमाणे दोन माणसांची विमानाची तिकिटं दिली. तेव्हा कळलं, की चौतीस वर्षांत बाई एकदाही विमानात बसून उडालेल्या नाहीत. हँगरमध्ये कुजबुज झालीच, “त्यांना आतलं सगळं माहीत ना, म्हणून बसत नाहीत.” तीन आठवड्यांनी त्यांचा मला फोन आला. “बहिणीकडे जायचंय. दुसरं तिकीट वाया चाललंय. येतोस का? बायकोला विचार आधी.” बायको म्हणाली, “विचारताय काय? जा! पिशव्या उचला त्यांच्या.”

विमानाच्या शेपटीवरचा आकडा मी लगेच ओळखला. त्या विमानाचे आठही दरवाजे मी केले होते. अकरा दिवसांपूर्वी. बाई निवृत्त झाल्यावर.

आमची जागा दरवाज्याच्या मागच्या दुसऱ्या रांगेत होती. बाईंनी आधी पट्टा बांधला, सोडला, परत बांधला. मग मान वाकडी करून दरवाज्याकडे बघितलं.

“याचे दरवाजे कुणी केलेत?”

“मी,” मी म्हणालो. “दुसरी सही नव्या तपासनीस साहेबांची आहे.”

“झाकणं उघडून बघितली त्यांनी?”

इथे खोटं बोलणं मला शक्य नव्हतं. “सगळी नाही. दोन उघडली.”

“हे उघडलं होतं?”

“नाही.”

एक हवाईसुंदरी आमच्या शेजारून गेली. बाई आता उठतील, तिला थांबवतील, काहीतरी विचारतील, असं मला वाटत होतं. त्या उठल्या असत्या तरी मी त्यांना दोष दिला नसता. उलट झाकण काढायला मीच पुढे झालो असतो.

बाईंनी वाकून पायातले बूट काढले आणि सीटखाली सरकवले. चष्मा काढून माझ्या हातात दिला. “सांभाळ. मी तोडते नेहमी,” म्हणाल्या. मग डोकं मागे टेकवलं आणि डोळे मिटले.

विमान धावपट्टीपर्यंत पोचायच्या आत बाई घोरायला लागल्या होत्या.