मेलेल्यांनी सावरायचं नाही

बोटाच्या टोकावर ते एवढंसं नकली बुबुळ... दुधाळ, मधोमध किंचित पिवळट, कडेला पाण्याचा थेंब लोंबतोय. व्हर्लीननं ते आरशाजवळ नेलं आणि ती थांबली. डावा डोळा आधीच मेला होता. उजवा अजून जिवंत होता, तपकिरी, जरासा लालसर, आणि रागावल्यासारखा तिच्याचकडे बघत होता. हे एकदा आत गेलं की दिवसभर सगळं धुक्यातून दिसणार. आणि आज तर नीट बघायचं होतं. आजच्या त्या बघण्यासाठीच तर ती आली होती.

"मिस व्हर्लीन, मी घालू का?" मागून डेल्फीननं विचारलं. मेलेल्यांना रंग लावायचं काम तिचं, त्यांची रबरी तोंडं बनवायचं कामही तिचंच.

"नको. इतक्या वेळा मेलेय, आता येतं माझं मला."

डेल्फीन हसली नाही. व्हर्लीनच्या गळ्यावर सुकलेला रंग ती उगाचच नखानं खरवडत राहिली. "तुम्ही आज यायला नको होतं," ती हळूच म्हणाली. "ऑडेलच्या पोटात एक गोष्ट राहील तर शपथ."

"त्यानं सांगितलं नसतं तर तू सांगितलं असतंस?"

व्हर्लीननं उजवा डोळा ताणून धरला, बुबुळ आत सरकवलं, आणि आरशातली बाई विझून गेली.

गावातली कागदाची गिरणी बंद पडली आणि मागोमाग ही टीव्हीची मालिका आली. मेलेले उठतात, चालतात, जिवंतांना फाडून खातात, आणि उरलेसुरले जिवंत फावडी-कुऱ्हाडी घेऊन रानोमाळ पळत सुटतात. दर वर्षी नवे भाग, दर भागात नवी मढी. ज्या गिरणीत गावानं उभा जन्म घाम गाळला, त्याच गिरणीच्या आवारात आता गाव मरून फिरायला लागलं. व्हर्लीनचा नवरा होय्ट म्हणायचा, जिवंतपणी या फाटकातून बाहेर पडायला मिळालं नाही, मेल्यावर तरी कुठं सुटका आहे! आणि हसायचा. स्वतःच्या विनोदाला सगळ्यात आधी हसणारा माणूस. नवरा-बायको दोघंही मेलेल्यांत भरती झाली होती. जेवणाच्या वेळी मेलेल्यांची पंगत शेवटी, जिवंत नटांचं उरकल्यावर. तोपर्यंत मक्याचा पाव गार झालेला असायचा, आणि होय्ट तो आपल्या हिरव्या पडलेल्या हातानं मोडून अर्धा तिच्या ताटात टाकायचा.

त्याच्या चेहऱ्याचा साचा घेतला तो दिवस... डेल्फीननं त्याला खुर्चीत मागे रेलवलं, डोक्याला टोपडं घातलं, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत तो थंडगार लगदा थापला. नाकाशी श्वासापुरती दोन भोकं. डोळे बंद, तोंड बंद. म्हणून एक हात व्हर्लीनच्या हातात — काही झालं तर दाबायचा, सगळं ठीक असेल तर अंगठा वर. अंगठा वर होता. पुढचं तिला लख्ख आठवतं... मग मलाच राहवलं नाही. मी त्याच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा तू माझं ऐकून घेतोयस रे... आणि तो हसायला लागला. तोंड न उघडता, आतल्या आत, सगळा अंगठा थरथरत. डेल्फीन ओरडली, तुम्ही दोघं शाळेत आहात का? साचा निघाला तेव्हा डाव्या गालावर दाबलेल्या हसण्याची एक चुणी पडलेली होती. पुन्हा करायचा कंटाळा आला म्हणून डेल्फीन म्हणाली, राहू दे, मेलेला माणूस थोडा वाकडाच शोभतो.

त्यानंतर होय्टला आजारपणानं धरलं. आणि हिवाळ्यात तो गेला.

गेला ते ठीक... ठीक कसलं, पण माणसं जातात. जाताना तो आपला चेहराही घेऊन गेला, हे मात्र तिला सहन होत नव्हतं. डोळे मिटले की दिसायचं ते शेवटचं — खोल गेलेली कानशिलं, उघडं पडलेलं तोंड, ओठांवर कोरडी साय. त्याच्या अलीकडचं काही येतच नव्हतं. फोटोंत तो नसायचाच, कारण फोटो काढणारा तो. दोन-चार आहेत त्यांत टोपीच्या सावलीत नुसतं नाक. ऑडेल फोनवर म्हणाला की होय्टचा साचा बाहेर काढलाय, या भागात फावड्यानं त्याचं डोकं फुटणार आहे, तेव्हा तिला राग यायला हवा होता. आला नाही. तिनं लगेच मेलेल्यांच्या भरतीला फोन लावला आणि आपलं नाव घालून घेतलं. चुणी बघायची. एकदाच, जवळून, चालत्या-फिरत्या अंगावर. मग ते खाटेवरचं तोंड आपोआप पुसलं जाईल, अशी तिची समजूत होती.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. झाडांतल्या किड्यांची एकसारखी करकर. मांडवाखाली ऑडेल अर्धा जबडा उघडा टाकून उकडलेले शेंगदाणे खात बसला होता. गिरणीत होय्टच्या शेजारच्या यंत्रावर असायचा तो.

"ये बाई, बस. किती छान सडलीयेस आज."

"तुझ्याकडे बघून तर लोकांना वाटेल तुला रंग लावायलाच विसरले."

"होय्टनं हेच म्हटलं असतं," ऑडेल म्हणाला, आणि टरफलं गोळा करायला लागला. मग म्हणाला, "तीन तोंडं केलीत त्यांनी. प्रत्येकात रक्ताची पिशवी. घालणारा कुणीतरी बाहेरून आणलेला पोरगा आहे, पडण्यात पटाईत. व्हर्लीन, तुला जमणार आहे ना?"

"नुसतं शेजारून चालायचंय."

सकाळी येताना चर्चजवळच्या वळणावर तिचा उजवा हात पुन्हा बाजूच्या रिकाम्या सीटपर्यंत गेला होता. आजारपणात ट्रक वळला की होय्ट त्या बाजूला कलंडायचा, पट्टा असूनही; म्हणून वळणाआधीच हात जायचा, त्याच्या छातीवर आडवा. तो गेल्यावरही जातोय. हवेवर दाबून धरला जातो आणि वळण संपलं की परत येतो. तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काय आहे!

मेलेल्यांचा मुकादम बॉइड, घसा बसलेला, सगळ्यांना तेच तेच बजावत होता. "खांदा आधी, पाय मागून. कुणाला बघायचं नाही, कुणाला टाळायचं नाही. तुम्हाला ओळख उरलेली नाही. भूक आहे फक्त."

कळप निघाला. गिरणीच्या भिंतीवर वेल चढून चढून भिंतच दिसेनाशी झालेली, तिच्या कडेनं सगळे घसटत चालले. तिच्या उजव्या अंगाला कुणीतरी आलं. उंची साधारण तेवढीच. तिनं मान वळवली नाही, नुसते डोळे नेले, आणि त्या दुधाळ धुक्यातून आधी फाटलेलं कपाळ दिसलं, मग नाक, मग — आहे. आहे ती. डाव्या गालावर, रंगाखालीसुद्धा, दाबलेली, फुटू न दिलेली... अरे, अजून हसतोयस? इतकं सगळं होऊनही? तिच्या तोंडून एक आवाज निघाला आणि तो भूक म्हणून खपून गेला असावा, कारण कुणी थांबवलं नाही. समोरून नायिका धावत आली. फावडं फिरलं. चट्‌ असा ओला आवाज झाला, त्याचे गुडघे मोडले, आणि व्हर्लीनचे दोन्ही हात गेले — एक काखेत, एक कंबरेला, आपला पाय त्याच्या पायांमागे अडकवून, न्हाणीघरात धरायची तसा — तिनं त्याला धरला.

"कट!"

तिच्या छातीवर कोमट गोड वासाचं रक्त सांडत होतं. मग मागून ऑडेल म्हणाला, "अगं, मढी कधी एकमेकांना सावरतात का?" आणि सगळे मेलेले खो-खो हसले. ऑडेलनं ते तिच्यासाठीच केलं होतं, हे तिला कळलं.

होय्टच्या फुटक्या तोंडातून एका कोवळ्या, परक्या आवाजानं विचारलं, "मॅडम, लागलं का तुम्हाला?"

बॉइड जवळ आला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. "मिस व्हर्लीन, मेलेल्यांनी सावरायचं नाही हो. एक तोंड वाया गेलं. सावलीत बसता का जरा?"

"नाही. करते मी."

बसले असते तर दुसरं कुणी त्याच्या शेजारून चाललं असतं.

दुसरं तोंड चढलं. कळप पुन्हा निघाला. तिनं बोटांना सांगितलं, तुम्ही मेलात. मनगटांना सांगितलं. कोपरांना, खांद्यांना. सगळं तिथंच गुंतलं — हात धरून ठेवायचे, हात मेलेले ठेवायचे. फावडं फिरलं. शेजारी काहीतरी जड कोसळलं, धुरळा उडाला, तिच्या पावलाला एक पंजा लागला. ती त्याच्यावरून पलीकडे गेली. खांदा आधी, पाय मागून.

"कट! झालं! ती निळ्या झग्यातली बाई कोण आहे? अंगावर काटा आला माझ्या." दिग्दर्शक व्हर्लीनकडे बोट दाखवत ओरडला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑडेलनं पाठीवर थाप दिली. तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की या खेपेला तिनं चुणीकडे पाहिलंच नव्हतं. चुणी होती का, हेही तिला सांगता आलं नसतं. होय्टच्या सगळ्या आजारपणात मी त्याला एकदाही पडू दिलं नाही. नर्सबाई म्हणायची, दोन माणसं लागतात याला, तुम्ही एकट्या कशा धरता? आणि आज उन्हात, लोकांसमोर, चांगलं जमावं म्हणून...

डोळे उतरवून ती बाहेर पडली तेव्हा डेल्फीन ट्रकपाशी उभी होती. हातात पुठ्ठ्याचा खोका. "तिसरं वापरावं लागलं नाही," ती म्हणाली. "ते नुसतं फडताळात पडून राहणार. तुमच्याकडे राहू दे. कुणाला बोलू नका म्हणजे झालं."

"चुणी आहे यात?"

"तिन्हींतही होती, मिस व्हर्लीन. एकाच साच्यातली ना."

तिनं खोका बाजूच्या सीटवर ठेवला. उघडला नाही. घरी जाऊन, तोंड धुऊन, दिवा लावून बघायचा. कानामागे रंग राहिला होता, घामानं तो मानेवर ओघळत होता. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, मध्ये रिकामा रस्ता. हात इतके हलके वाटत होते, जणू दिवसभर कुणाचं तरी सामान वाहिलं आणि आता ज्याचं त्याला देऊन टाकलं. बरं वाटत होतं. बरं वाटतंय हे कळल्यावर तिला भीती वाटली.

चर्च आलं. ट्रक वळला. खोका सीटवरून सरकला, काठाशी एक क्षण अडला, आणि खाली पडला.

दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली. वळण केव्हाच संपलं होतं, रस्ता सरळ झाला होता, खाली कुठंतरी खोक्याचं झाकण उघडून पातळ कागद फडफडत होता, आणि ती वाट बघत होती... आता तरी जाईल, उशिरा का होईना, उजवा हात जाईल.